त्रेसष्ट पेले दूध

१

कपाट बंद होतं, कुलूप शाबूत होतं आणि आतलं मुलांच्या नावनोंदणीचं रजिस्टर मात्र गायब झालं होतं.

जयसिंगरावांनी ही बातमी फोनवर सांगितली तेव्हा मी जे. पी. नगरच्या घरी पावट्याच्या, इकडच्या अवरेकाळूच्या, शेंगा सोलत बसले होते. जयसिंगराव आमच्या भागाचे शिक्षणाधिकारी. पंधरा वर्षांपूर्वी ते माझ्या हाताखाली कारकून होते. मी शिक्षण कचेरीची अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, आणि एवढ्या वर्षांत हरवलेल्या फायली इतक्या शोधल्या की लोक माझं नाव घेऊन मगच कपाटं उपसायला लागायचे.

"अक्का, यशवंतपूरच्या मार्केटमागची कानडी शाळा आठवते?"

"महानंदाची?"

"तीच. पन्नासच्या खाली मुलं असलेल्या शाळा विलीन करायची यादी निघालीय. ऑनलाइनवर तिची मुलं चव्वेचाळीस दिसतात. तिनं लेखी हरकत घेतली की प्रत्यक्षात त्रेसष्ट येतात. आज दुपारी तीनला मी रजिस्टर तपासायला जाणार होतो, आणि आजच ते गायब! तीनपर्यंत मिळालं तर ठीक. नाहीतर पोलिसांत तक्रार, महानंदा निलंबित, आणि शाळा तुमकूर रस्त्यापलीकडच्या शाळेत विलीन. माझ्या हातात काही नाही, अक्का."

"तुमच्या हातात कधीच काही नसतं. म्हणून तर तुम्ही साहेब झालात."

फोन ठेवला, पण शेंगांत लक्ष लागेना. असा एक विलीनीकरणाचा आदेश मी स्वतः टाइप केला होता, हेब्बाळकडच्या एका शाळेचा. कागदावर एकतीस मुलं एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेली. महिन्यानं बघायला गेले, तर नव्या शाळेत पोचली होती नऊ. उरलेल्या बावीस जणांचं काय झालं हे विचारायची मला हिंमत झाली नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते. महानंदाच्या शाळेतली मुलं तर मार्केटातल्या हमालांची. ट्रकांनी भरलेला तो रस्ता सात वर्षांची पोर रोज दोनदा कशी ओलांडणार?

शेंगांनी भरलेलं सूप तसंच ठेवलं आणि मेट्रो पकडली.

२

शाळा म्हणजे तीन खोल्या, एक कचेरी आणि पत्र्याचं स्वयंपाकघर. मी पोचले तेव्हा अकरा वाजले होते. ओट्यावर स्टीलचे पेले धुऊन पालथे घातले होते आणि त्यांना अजून दुधाचा वास होता.

मुख्याध्यापिका महानंदा मूळची निपाणीकडची, पन्नाशीची बाई. एरवी खणखणीत आवाजाची. आज तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि पेला द्यायला विसरली.

"काल चार वाजता मी माझ्या हातानं रजिस्टर ठेवलं, कुलूप घातलं," ती म्हणाली. "आज हेब्बाळच्या पुलावर बस अडकली, पोचायला दहा वाजले. साहेब येणार म्हणून आल्या आल्या कपाट उघडलं, तर रजिस्टर नाही! अक्का, माझी नोकरी जाऊ दे. शाळा गेली तर ही पोरं कुठं जातील?"

मी कपाट पाहिलं. वरच्या कप्प्यात खडूचे खोके. मधल्यात जुन्या फायली आणि त्यांच्या शेजारी एक रिकामी जागा. खालच्यात दुधाच्या पावडरीची पाकिटं. एक फोडलेलं, तोंडाला कपड्यांचा चिमटा लावलेलं.

"पावडर इथं?"

"स्वयंपाकघरात उंदीर आहेत हो. मुलांना रोज सकाळी एकेक पेला दूध द्यायचं असतं. पाकिटं कुरतडली तर दूध कुठलं देणार?"

"किल्ल्या किती आहेत?"

"दोनच. एक माझ्याकडं, एक गुरुप्रसाद सरांकडं." हे सांगताना ती माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघत होती.

शाळेत शिक्षक दोघेच, ही आणि गुरुप्रसाद. तिसरं माणूस स्वयंपाकीण विठाबाई. आणि चौथं नाव महानंदानं आवाज खाली करून सांगितलं. शेजारचा कांद्याचा गोदामवाला मंजुनाथ. शाळेच्या मैदानावर लॉऱ्या उभ्या करायला मिळाव्यात म्हणून दोन वर्षं खटपट करत होता, आणि काल संध्याकाळी तो कचेरीत येऊन बसला होता.

३

मंजुनाथ गोदामाच्या दारात पोत्यावर बसून होता. तो कानडीत बोलला, मी मराठीत सांगते.

"मैदान मला हवंय, अम्मा. सगळ्या मार्केटला माहितीय ते. पण चोरी मी कशाला करू? चव्वेचाळीस पोरांची शाळा आपसूक बंद होणार आहे. झाड पडायलाच आलंय, त्यावर कुऱ्हाड चालवून मी हात कशाला दुखवून घेऊ?"

"काल कचेरीत कशाला गेला होतात?"

"मुलांना सहलीला लॉरी हवी का विचारायला. शाळा बंद व्हायच्या आधी एकदा सहल होऊ दे म्हटलं." हे सांगताना तो स्वतःच ओशाळला. माणूस लोभी होता, पण खोटा वाटला नाही.

परत आले तर जेवणाची वेळ झाली होती. विठाबाई सारभात वाढत होत्या. विजापूरच्या इंडी तालुक्यातल्या, साठीला टेकलेल्या. ताटं पुढे सरकत होती आणि त्यांचे ओठ हलत होते.

"मोजता काय?" मी विचारलं.

"मोजल्याबिगर कसं? अक्षर येत न्हाई, पण मोजणी येतीय. आज तिरसष्ट, अक्का. सगळी आल्यात."

स्वयंपाकघर लखलखीत होतं. उंच फळीवर यल्लम्माची तसबीर होती. तिच्यापुढं हिरव्या खणात गुंडाळलेली जाड पोथी आणि वर ताजं शेवंतीचं फूल. विठाबाईंनी मला आग्रहानं ताट दिलं, मी उभ्या उभ्याच चार घास खाल्ले. घड्याळात एक वाजून गेला होता.

गुरुप्रसाद व्हरांड्यात डबा खात होता. पस्तिशीचा, शांत. आनेकलला घर. रोज यायला तीन तास आणि जायला तीन-साडेतीन. शाळा विलीन झाली तर तो अतिरिक्त ठरणार होता, आणि अतिरिक्त शिक्षकाला बदलीची पहिली पसंती मिळते. आनेकलमध्ये जागा रिकामी होती.

"म्हणजे शाळा बंद झाली की तुमचं भलं होणार," मी सरळच म्हटलं.

त्यानं डब्याचं झाकण लावलं. "माझी मुलगी तीन वर्षांची आहे, मॅडम. ती उठायच्या आत मी निघतो आणि ती झोपल्यावर पोचतो. बदली मला हवीच आहे. पण रजिस्टर मी घेतलेलं नाही."

"कपाटाची दुसरी किल्ली तुमच्याकडे असते."

"ऑगस्टपर्यंत होती. मग मॅडमनी परत घेतली."

मी कचेरीच्या दाराकडे पाहिलं. महानंदा तिथं उभी होती. तिनं ऐकलं होतं, आणि ती आत निघून गेली.

४

तिच्यामागून लगेच जाणार होते, तेवढ्यात घंटा झाली. गुरुप्रसाद चौथी-पाचवीची दुपारची हजेरी घ्यायला लागला. मी दारातच थांबले.

एक, दोन, तीन... मुलं नंबराला "हजर" म्हणत होती. सोळा नंबर झाले आणि त्यानं हजेरीवही मिटली. मी डोकी मोजली, ती तेवीस होती. मागच्या ओळीतल्या सात मुलांनी तोंडच उघडलं नव्हतं. त्यांत दोन वेण्यांची एक मुलगी होती, हर्षिता.

"तुझा नंबर काय गं?"

"मला नंबर नाही."

"नवी आहेस?"

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली आणि वहीत डोकं घातलं.

मी तिन्ही वर्गांच्या हजेरीवह्या मागवून उभ्या उभ्या बेरीज केली. सोळा, पंधरा, तेरा. चव्वेचाळीस!

हजेरीत नावं उतरतात ती नावनोंदणीच्या रजिस्टरातून. म्हणजे हरवलेल्या रजिस्टरातही चव्वेचाळीसच नावं असणार. सकाळपासून मी साप समजून दोरीच धोपटत होते. मी धरून चालले होते की रजिस्टर शाळेला वाचवणार होतं आणि चोराला शाळा बुडवायची होती. पण खरं तर त्या रजिस्टरानंच शाळा बुडाली असती. मंजुनाथनं किंवा गुरुप्रसादनं त्याला हातही लावला नसता; उलट जपून साहेबांपुढं ठेवलं असतं. ते नाहीसं होण्यात फायदा होता शाळा टिकावी असं वाटणाऱ्या माणसाचा.

आणि हरकतीत त्रेसष्ट लिहून बसलेली महानंदा किल्लीबद्दल माझ्याशी खोटं बोलली होती.

५

"रजिस्टरात किती नावं आहेत?" मी कचेरीचं दार लावून विचारलं.

महानंदा खुर्चीत बसली. "चव्वेचाळीस."

"मग त्रेसष्ट कुठून आली?"

"येतातच की हो त्रेसष्ट! एकोणीस पोरं गावाकडून आलीत, आईबापांच्या मागनं. आधीच्या शाळेचा दाखला आणला नाही म्हणून मी नावं घातली नाहीत. गावच्या शाळेला पत्रं लिहून लिहून हात दुखले. तिकडचे हेडमास्तर दाखला सोडत नाहीत. सोडला तर त्यांचा आकडा कमी होतो आणि त्यांचीही शाळा यादीत जाते. तर पोरं बसतात इथं आणि नावं तिकडं. एकदा बिनदाखल्याचं मूल घेतलं म्हणून मला नोटीस आली होती, अक्का. तेव्हापासून भीतीच बसलीय. साहेब आल्यावर पाया पडून सांगणार होते, की पुस्तक राहू द्या, पोरं बघा."

"आणि ते सांगण्यापेक्षा रजिस्टर लपवणं सोपं वाटलं?"

"आईची शपथ, मी नाही लपवलं!"

ती रडायला लागली. रडणारा माणूस खरंच बोलतो असं नाही, कचेरीत मी पुष्कळ रडणारे पाहिलेत. पण एक गोष्ट मला खटकत होती. महानंदानं रजिस्टर लपवलं असतं तर हजेरीवह्याही लपवल्या असत्या. तोच चव्वेचाळीसचा आकडा त्यांतही आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चोरानं जाड पुस्तक तेवढं नेलं आणि पातळ वह्या टेबलावर उघड्या सोडल्या. कोणत्या वहीत काय असतं हे ज्याला कळत नाही, असा माणूस.

दुसरी गोष्ट म्हणजे दूध. महानंदा आली दहाला आणि तेव्हा तिनं कपाट उघडलं. मुलं दूध पितात प्रार्थनेच्या आधी. पावडर कपाटात. मग आज दूध झालं कसं?

"महानंदा, दुसरी किल्ली विठाबाईंकडे आहे ना?"

तिनं पदर तोंडाला लावला. "नियमात बसत नाही ते. पण माझी बस रोज अडकते. साडेनवाला पोरांना दूध तर मिळायला पाहिजे. विठाबाईंचं नाव तुम्ही साहेबांना सांगाल, आणि त्यांचं काम जाईल, म्हणून मी..." एवढं बोलून ती एकदम थांबली. तिलाही आत्ताच उमगलं होतं.

दोन वाजायला दहा मिनिटं कमी होती. मी स्वयंपाकघराकडे निघाले, आणि चालता चालता ती हिरव्या खणातली पोथी आठवली. विठाबाईंना अक्षर येत नव्हतं. मग ती पोथी वाचत कोण होतं?

६

मी नुसतं फळीकडं पाहिलं. विठाबाई भांडी घासायच्या थांबल्या. हात पुसले, स्टूल घेतलं आणि ते गाठोडं स्वतःच खाली काढलं.

"काल बाई मंजुनाथाला सांगत हुत्या, पुस्तकात चव्वेचाळीसच हायेत म्हणून. माझी हर्षी त्यात न्हाई. नात हाय माझी. म्या म्हटलं, पुस्तकच नसलं तर सायेब काय मोजंल? पोरंच मोजंल की! रोज मी मोजतो तसं. सरी, बराबर न्हवं का हे?"

"नाही, विठाबाई. पुस्तक नसलं तर साहेब काहीच मोजत नाहीत. शाळा बंद करतात."

त्यांचा चेहरा उतरला. त्या चक्क खाली बसल्या. "अय्यो! म्याच बुडवली की वो शाळा."

"चुलीत नाही घातलंत ते बरं केलंत."

"इद्येला जाळतेत काय, अक्का? पायाशीबी ठेवलं न्हाई. देवापुढं ठेवलं, फूल वाहिलं."

मी खण सोडला. पुस्तक धड होतं. माझं डोकं चालायला लागलं. कायदा काय सांगतो हे मी तीस वर्षं परिपत्रकांवर शिक्के मारून पाठ केलं होतं. दाखला नाही म्हणून सरकारी शाळेला मूल नाकारता येत नाही. वय आईबापांनी सांगितलं तरी चालतं. महानंदाची चूक नावं घालण्यात नव्हती, न घालण्यात होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते असं. आणि नावं घालायची तर हेच पुस्तक हवं होतं.

"पेन घे," मी महानंदाला म्हटलं. "एकोणीसच्या एकोणीस."

"आज? साहेब म्हणतील..."

"ते म्हणतील तेव्हा बघू. लिही!"

मुलं रांगेत उभी राहिली. कोणाला बापाचं नाव माहीत होतं पण आडनाव नाही. कोणाची जन्मतारीख हमालांच्या चाळीत फोन करून विचारावी लागली. हर्षिताची आजीनं सांगितली, यल्लम्माच्या जत्रेच्या आदल्या दिवशीची, आणि ती कोणती तारीख हे आम्ही पंचांगात शोधलं. घाईत महानंदाच्या हातून दोन नावांची शाई फिसकटली. शेवटचं नाव झालं तेव्हा फाटकात जीप थांबली. तीनला पाच मिनिटं कमी होती.

७

जयसिंगरावांनी रजिस्टर पाहून आधी सुटकेचा श्वास सोडला. मग शेवटची पानं पाहिली आणि चष्मा काढला.

"अक्का, एकोणीस नावं एकाच दिवशी? शाई ओली आहे हो अजून."

"कायद्यात बसतं."

"बसतं. पण ही मुलं रोज येणारी आहेत की आज बिस्किटं देऊन बसवलीत? मार्केटात पोरांना काय तोटा? उद्या वरून कोणी विचारलं तर मी काय दाखवू?"

"मी रोज मोजतो, सायेब," विठाबाई म्हणाल्या.

"तोंडी चालत नाही, बाई."

"मी सांगते," महानंदा म्हणाली.

"तुम्ही सांगणारच. शाळा तुमची." त्यांनी मान वळवली. "गुरुप्रसाद, तुम्ही बोला. आनेकलच्या जागेसाठी तुमचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. शाळा टिकली तर तो बाजूला पडेल. म्हणजे या शाळेसाठी खोटं बोलायचं तुम्हाला कारण नाही. ही मुलं रोज येतात का?"

गुरुप्रसाद भिंतीला टेकून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. दुपारी मी त्याला चोर ठरवलं होतं. एक 'नाही' म्हटलं की तो सुटत होता, आणि तसं म्हटलं असतं तर मी त्याला दोष देऊ शकले नसते. तो बाहेर निघून गेला.

महानंदानं डोळे मिटले. जयसिंगरावांनी पेनाचं टोपण उघडलं आणि विलीनीकरणाचा कागद पुढे ओढला. माझ्या डोळ्यांपुढं हेब्बाळकडच्या शाळेतली ती उरलेली नऊ मुलं आली.

गुरुप्रसाद परत आला तो वह्यांची थप्पी घेऊन. हनुवटीपर्यंत आलेली. त्यानं ती टेबलावर, कागदाच्या वरच ठेवली.

"गणिताच्या वह्या, सर. तिन्ही वर्गांचं गणित मीच घेतो. या त्या एकोणिसांच्या."

जयसिंगरावांनी वरची वही उघडली. पहिल्या पानावर जूनची तारीख, खाली लाल शाईची सही. पुढं जुलै, ऑगस्ट. दसऱ्याच्या सुटीपुरता खंड, मग पुन्हा तारखा, कालपर्यंतच्या. दुसरी वहीही तशीच निघाली आणि तिसरीही.

"ही कोणाची?"

"हर्षिताची." गुरुप्रसाद वाकून बघायला लागला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. "बघा, काल पण हातचा विसरली. जूनपासून सांगतोय हिला."

जयसिंगरावांनी बाकीच्या वह्यांचीही पानं उलटली. मग त्यांनी तपासणीच्या अहवालावर आकड्यात त्रेसष्ट लिहिलं, खाली अक्षरांत लिहिलं आणि सही केली. विलीनीकरणाचा कागद दुमडून खिशात घातला.

"रजिस्टर होतं कुठं?" त्यांनी जाताना विचारलं.

"शाळेतच होतं. सरकवलेलं होतं एका फळीवर."

त्यांनी विठाबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि जीपमध्ये बसले.

चार वाजता मुलं ओरडत बाहेर पडली. विठाबाई महानंदाच्या गळ्यात पडून रडल्या. मी गुरुप्रसादला गाठलं आणि हात जोडले. "मी तुमच्यावर संशय घेतला. चुकले."

"राहू द्या, मॅडम," तो बॅगेत वह्या कोंबत म्हणाला. "साडेचारची बस चुकली की पुढची सहाला आहे." आणि तो जवळजवळ पळतच फाटकाबाहेर गेला.

आनेकलची जागा त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. हे मला जयसिंगरावांकडून कळलं. गुरुप्रसादला मी फोन केला तेव्हा तो बसमध्ये उभा होता, आणि हर्षिताला आता हातचा जमायला लागलाय, एवढंच त्यानं सांगितलं.